साक्षीदार न्यू जर्सीत, मृत्युपत्र कोर्टात: वाटपाच्या एका दाव्याची फाईल

वाटपाचा दावा, भाऊ वादी आणि बहीण प्रतिवादी. वडील २०१९ मध्ये वारले, आई त्याआधीच गेलेली, मागे एक फ्लॅट. फ्लॅट वडिलांच्या स्वतःच्या कमाईचा, यावर वाद नाही. भावाचं म्हणणं सरळ, वारस आम्ही दोघंच तर अर्धा माझा. बहिणीनं कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, सांगितलं की बाबांनी २०१४ मध्येच मृत्युपत्र करून फ्लॅट मला दिलाय. त्यावर भाऊ म्हणाला सही बाबांची नाहीच, आणि असलीच तर आजारपणात दाबून घेतलेली. (दोन्ही एकदम कसं म्हणता येतं असं लोक विचारतात, तर दिवाणी दाव्यात सगळेच म्हणतात.)

नावं, गाव, ओळख पटेल असे तपशील मी काढून टाकलेत. माझ्याकडे फाईल अपिलाच्या वेळी मत द्यायला आली, त्यामुळे पुढचं सगळं रोजनामा (कोर्टातल्या प्रत्येक तारखेची नोंद), अर्ज, हुकूम आणि साक्षीच्या नकला वाचून लिहितेय.

मृत्युपत्रावर साक्षीदार दोन. एक फॅमिली डॉक्टर, ते २०२० मध्ये वारले. दुसरा शेजारचा मुलगा, वडिलांना काका म्हणायचा, मृत्युपत्राच्या वेळी तिशीतला, २०१६ ला नोकरीसाठी अमेरिकेत गेला तो तिकडचाच झाला, आता नागरिकत्वही तिकडचं. म्हणजे कागद सिद्ध करू शकणारा एकमेव जिवंत माणूस न्यू जर्सीत.

इथे आधी एक गोष्ट समजून घेऊया, कारण बहुतेकांना वाटतं मृत्युपत्र रजिस्टर असलं की झालं. तसं नाही. भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर निदान दोन साक्षीदार लागतात, दोघांपैकी प्रत्येकानं करणाऱ्याला सही करताना बघितलेलं हवं किंवा त्याच्याकडून तशी कबुली ऐकलेली हवी, आणि प्रत्येकानं त्याच्यासमोर सही केलेली हवी. दोघं साक्षीदार एकाच वेळी हजर असायला हवेत असं मात्र नाही. आणि पुरावा कायद्याचं कलम ६८ म्हणतं की साक्षीदारांपैकी कोणी हयात असेल, कोर्टाच्या हुकमाच्या आवाक्यात असेल आणि साक्ष द्यायच्या स्थितीत असेल, तर निदान एकाला तपासल्याशिवाय असा दस्त पुराव्यात वापरायचाच नाही. आता नवीन भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम ६७ झालंय, पण तो १ जुलै २०२४ ला लागू झाला आणि हा दावा त्याच्या आधीपासून चालू होता म्हणून जुनाच कायदा, आणि खरं सांगायचं तर वकिलांमध्ये अजून सगळे अडुसष्टच म्हणतात.

"कोर्टाच्या हुकमाच्या आवाक्यात" हे शब्द बघा. अमेरिकेतल्या माणसावर आपल्या दिवाणी न्यायाधीशाचं समन्स चालत नाही. अहो, अमेरिका लांबच राहिली, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १६ रूल १९ मध्ये तर देशातल्या देशातसुद्धा लांबच्या साक्षीदाराला स्वतः हजर राहायची सक्ती करण्यावर अंतराची मर्यादा आहे. मग बहिणीच्या पहिल्या वकिलांना वाटलं की साक्षीदार आवाक्यातच नाही म्हटल्यावर कलम ६९ घेऊया, म्हणजे साक्षीदार मिळत नाही असं दाखवायचं आणि एका साक्षीदाराची व वडिलांची सही हस्ताक्षर ओळखणाऱ्या माणसाकडून सिद्ध करायची. वाट आकर्षक आहे, कारण डॉक्टरांचं हस्ताक्षर ओळखणारा कंपाउंडर गावातच होता.

मला विचाराल तर ती वाट न घेतली हे बरं झालं. माणसाचा पत्ता माहीत आहे, फोन लागतो, तो बोलायला तयार आहे, आणि कोर्टाकडे परदेशात साक्ष घ्यायचे मार्ग आहेत, अशा वेळी "साक्षीदार मिळत नाही" म्हणणं म्हणजे समोरच्याला आयतं कोलीत देणं. तो लगेच म्हणणार की खरा साक्षीदार लपवला, का लपवला? मृत्युपत्राच्या दाव्यात संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते, हे १९५८ पासून, सुप्रीम कोर्टाच्या वेंकटाचल अय्यंगार खटल्यातल्या निकालापासून पक्कं आहे.

मग घरच्यांनी ठरवलं की तिकडून ॲफिडेव्हिट मागवू. हा सगळ्यात नेहमीचा गैरसमज. साक्षीदारानं न्यू जर्सीतल्या नोटरीसमोर शपथपत्र केलं, त्यावर अपोस्टील करून घेतलं, कुरिअरनं पाठवलं, आणि बहिणीला वाटलं साक्ष झाली. भावाच्या वकिलांनी हरकत घेतली आणि ती बरोबर होती. अपोस्टील एवढंच सांगतं की या कागदावरची नोटरीची सही आणि शिक्का खरे आहेत. आत लिहिलेलं खरं की खोटं याच्याशी अपोस्टीलचा काही संबंध नाही. शिवाय आपल्याकडे शपथपत्रासाठी शपथ कोण देऊ शकतो हे संहितेच्या कलम १३९ मध्ये ठरलेलं आहे आणि त्यातला नोटरी म्हणजे आपल्या १९५२ च्या कायद्याखाली नेमलेला नोटरी. परदेशातल्या माणसासाठी सरळ रस्ता भारतीय कॉन्सुलेटचा. १९४८ चा एक छोटासा कायदा आहे, राजदूत आणि वाणिज्यदूत कार्यालयांतल्या अधिकाऱ्यांच्या शपथा आणि फीबद्दलचा, त्याखाली तिथल्या अधिकाऱ्यासमोर केलेलं शपथपत्र भारतात केल्यासारखंच धरलं जातं. तर साक्षीदार परत न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटला गेला आणि नवीन शपथपत्र केलं.

पण तेही फक्त सरतपास, म्हणजे स्वतःच्या बाजूनं दिलेली साक्ष. २००२ च्या दुरुस्तीनंतर ऑर्डर १८ रूल ४ प्रमाणे दिवाणी दाव्यात सरतपास शपथपत्रावर होतो, उलटतपास, म्हणजे समोरच्या वकिलाचे प्रश्न, मात्र तोंडी. उलटतपासाची संधीच दिली नाही तर ते शपथपत्र समोरच्याविरुद्ध वाचता येत नाही. म्हणून खरा प्रश्न हा होता की उलटतपास कुठे, कसा आणि कोणासमोर.

रस्ते तीन. पहिला, त्यानं भारतात यावं. तो म्हणाला येता येणार नाही, त्याचं कारण कोर्टानं फार खोदलं नाही. दुसरा, ऑर्डर २६ रूल ५, म्हणजे देशाबाहेरच्या साक्षीदारासाठी कमिशन (कोर्टानं नेमलेल्या माणसानं तिथे साक्ष नोंदवणं) किंवा तिथल्या कोर्टाला विनंतीपत्र. यात कोर्टाला पटावं लागतं की साक्ष "आवश्यक" आहे, नुसती उपयोगी असून भागत नाही. इथे एकमेव जिवंत साक्षीदार, म्हणजे आवश्यकतेबद्दल वादच नको. पुरावा परदेशातून मिळवण्याबाबत १९७० चा हेग करार आहे, भारत त्यात २००७ ला सामील झाला, अमेरिका त्याच्या बरीच आधी. साक्षीदार तयार नसेल तर हाच रस्ता, कारण मग तिथल्या कोर्टानं त्याला बोलवावं लागतं, अमेरिकेत तशी सोय त्यांच्या फेडरल कायद्यात आहेच. पण त्याला वेळ लागतो, आणि कमिशनवरून आलेली साक्ष आपोआप पुरावा होत नाही हे लोक विसरतात. ऑर्डर २६ रूल ८ म्हणतो की ज्याच्याविरुद्ध ती साक्ष वापरायची त्याची संमती हवी, नाहीतर साक्षीदार कोर्टाच्या हद्दीबाहेर आहे, वारला आहे, आजारी आहे असं काहीतरी दाखवावं लागतं, किंवा कोर्टानं ती अट माफ करावी लागते.

तिसरा रस्ता व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा, तोच घेतला. साक्षीदार स्वखुशीनं बोलणार होता आणि अमेरिकेत स्वखुशीनं साक्ष द्यायला तिथल्या सरकारची परवानगी लागत नाही. हे सगळीकडे असंच असेल असं समजू नका. स्वित्झर्लंडमध्ये परक्या कोर्टासाठी तिथले नियम न पाळता साक्ष नोंदवणं हा गुन्हा ठरू शकतो, तिथल्या दंडसंहितेत कलमच आहे. साक्षीदार कुठल्या देशात बसणार हे विचारायच्या आधी लिंक पाठवणारे वकील मी पाहिलेत.

भावाच्या बाजूनं अर्जाला चार-पाच हरकती आल्या आणि त्या रोजनाम्यात तारखांवर तारखा खात राहिल्या. साक्षीदाराला समोर बघितल्याशिवाय चेहऱ्यावरून खरंखोटं कसं कळणार. बाजूला कोणी बसून उत्तरं सांगेल. खोटं बोलला तर आपलं कोर्ट त्याचं काय वाकडं करणार. मूळ कागद त्याच्या हातात कसा देणार. आणि हा सगळा खर्च भावानं का सोसायचा.

पहिल्या हरकतीचं उत्तर महाराष्ट्राच्याच खटल्यातून आलेलं आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई, सुप्रीम कोर्ट, १ एप्रिल २००३. तिथे न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरांची साक्ष हवी होती, ते भारतात यायला तयार नव्हते, मुंबई हायकोर्टानं व्हिडिओवर साक्ष नाकारली होती आणि सुप्रीम कोर्टानं ती चालेल म्हटलं. पडद्यावर दिसणारा माणूस म्हणजे आभास नव्हे, तो त्याच क्षणी दिसतोय, ऐकू येतोय, त्याला प्रश्न विचारता येतो. तो खटला फौजदारी, जिथे आरोपीच्या समक्ष पुरावा घ्यायची कडक अट असते, मग तिथे चालतं ते दिवाणीत का चालणार नाही. त्याच निकालात खोट्या साक्षीच्या भीतीचंही उत्तर आहे, की साक्षीदार ज्या देशात असेल त्या देशाशी आपला प्रत्यार्पण करार असावा आणि तिथेही खोटी साक्ष शिक्षेला पात्र असावी. अमेरिकेशी करार १९९७ चा आहे. प्रत्यक्षात वाटपाच्या दाव्यातल्या खोट्या साक्षीसाठी कोणी न्यू जर्सीतून माणूस उचलून आणेल का, तर मला नाही वाटत, पण कायद्याच्या दृष्टीनं उत्तर झालं.

बाकीच्या हरकतींवर कोर्टानं चांगलं केलं, त्या फेटाळल्या नाहीत, त्यांच्या अटी करून टाकल्या. मुंबई हायकोर्टाचे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचे २०२२ चे नियम आहेत, त्यात परदेशातल्या टोकाला भारतीय दूतावासाचा किंवा कॉन्सुलेटचा अधिकारी समन्वयक म्हणून असावा असं आहे. तर हुकूम असा झाला की साक्षीदार घरून बोलणार नाही, कॉन्सुलेटमध्ये बसून बोलेल, अधिकारी त्याचा पासपोर्ट बघून ओळख पटवेल, खोलीत दोघांशिवाय कोणी नाही असं लिहून देईल, खर्च सगळा बहिणीचा, आणि मूळ मृत्युपत्र कोर्टाच्या ताब्यातच राहून डॉक्युमेंट कॅमेऱ्याखाली दाखवलं जाईल, शिवाय रंगीत प्रत आधी अधिकाऱ्याकडे पाठवली जाईल.

वेळेवरून मात्र गंमत झाली. कर्नाटक हायकोर्टानं २००३ मध्येच एका चित्रपट कंपनीच्या दिवाणी दाव्यात सांगून ठेवलंय की साक्ष भारतीय कोर्टाच्या वेळेतच होईल, साक्षीदारानं घड्याळाच्या फरकाची सबब सांगायची नाही. ठीक आहे, साक्षीदार पहाटे उठेल हो, पण कॉन्सुलेटचा अधिकारी? हिवाळ्यात आपण न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे, म्हणजे इथले दुपारचे बारा म्हणजे तिथले रात्रीचे दीड. शेवटी दोन्ही बाजूंनी पुरसिस, म्हणजे संमतीचं लेखी निवेदन, दिली आणि जानेवारी २०२४ मध्ये कोर्ट संध्याकाळी साडेसहाला बसलं, तिथे सकाळचे आठ. ज्या वकिलानं प्रत्येक गोष्टीला हरकत घेतली होती त्यानंही यावर सही केली, याला मी व्यवसायातला चांगुलपणा म्हणते.

आता साक्ष. शपथ न्यायाधीशांनीच व्हिडिओवर दिली. साक्षीदारानं कॉन्सुलेटसमोर केलेलं शपथपत्र आपलं असल्याचं सांगितलं, कॅमेऱ्याखालच्या मृत्युपत्रावरची स्वतःची सही ओळखली, काकांची सही ओळखली. हरकत आली की तो मूळ कागद बघत नाहीये. कोर्टानं हरकत लिहून घेतली, निर्णय शेवटी देऊ म्हणून पुढे गेलं. सुप्रीम कोर्टाच्या २००१ च्या बिपिन पांचाळ निकालानंतर ही पद्धत रुळली आहे, प्रत्येक हरकतीवर साक्ष थांबवून बसायचं नाही.

उलटतपास दीड तास चालला. कॅमेरा खोलीभर फिरवायला लावला, दाराकडे, टेबलाखाली. मग प्रश्न: अमेरिकेला कधी गेलात, बहिणीशी फोनवर किती वेळा बोललात, शपथपत्र कोणी टाईप केलं, इंग्रजीत केलं की मराठीत. त्यानं मोकळेपणानं सांगितलं की मसुदा वकिलांनी ईमेल केला, मी वाचून दोन ठिकाणी बदल सांगितले. मला हे उत्तर आवडलं, कारण "मी स्वतः टाईप केलं" म्हणणारे साक्षीदार लगेच अडकतात. मृत्युपत्राचा दिवस कुठला वार होता हे त्याला आठवलं नाही. काका काय घालून बसले होते, तेही नाही.

आणि आता ती गोष्ट जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. शपथपत्रात एक भोक होतं. साक्षीदारानं लिहिलं होतं की काकांनी माझ्यासमोर सही केली आणि मी त्यांच्यासमोर साक्षीदार म्हणून सही केली. डॉक्टरांबद्दल एक अक्षर नाही! साक्षीदार एकच तपासला तरी चालतो हे खरं, पण त्या एकानं दुसऱ्याचंही साक्षांकन सिद्ध करावं लागतं, म्हणजे डॉक्टरांनी काकांना सही करताना बघितलं आणि काकांसमोर स्वतः सही केली हेही त्याच्याच तोंडून यायला हवं. सुप्रीम कोर्टाचा जानकी भोईर विरुद्ध नारायण कदम हा २००२ च्या डिसेंबरचा निकाल नेमका यावरच आहे, तिथे तपासलेला साक्षीदार दुसऱ्याच्या सहीबद्दल सांगू शकला नाही, दुसरा हयात असून बोलावला नाही, आणि मृत्युपत्र पडलं. इथे तर दुसरा हयातच नव्हता. एवढे अर्ज, एवढ्या तारखा, कॉन्सुलेट, अपोस्टील, घड्याळं, सगळं माणूस पडद्यावर आणण्यासाठी, आणि कागदावर जे वाक्य लागतं तेच नाही. नंतर पुन्हा बोलावता येतं, ऑर्डर १८ रूल १७ आहे, पण पुराव्यातली उणीव भरायला तो वापरायचा नाही हेही ठरलेलं, शिवाय परत कॉन्सुलेटची तारीख मागायची म्हणजे बघायलाच नको.

ते भोक भरलं भावाच्या वकिलांनी. त्यांना दाखवायचं होतं की डॉक्टर तिथे नव्हतेच, सही नंतर दवाखान्यात जाऊन घेतली. साक्षीच्या नकलेत प्रश्न असा आहे, "मी असं म्हणतो की डॉक्टर त्या वेळी घरात हजर नव्हते." उत्तर, "हे म्हणणं खरं नाही. डॉक्टर काकांच्या पलंगाजवळच्या खुर्चीत बसले होते. काकांनी सही केली ती आम्ही दोघांनी बघितली. मग डॉक्टरांनी तिथेच सही केली. त्यांचं पेन चालत नव्हतं म्हणून त्यांनी माझं पेन घेतलं." नकलेत पुढचा प्रश्न एकदम बँक खात्याबद्दल आहे, म्हणजे काय झालं ते वकिलांच्याही लक्षात आलं असावं. उलटतपासात मिळालेलं उत्तर पुरावाच असतं, ते कोणाच्या प्रश्नाला आलं यानं फरक पडत नाही. मूळ कागदावर साक्षीदाराची आणि डॉक्टरांची सही एकाच निळ्या शाईत आहे, वडिलांची काळ्या. न्यायाधीशांनी निकालात ही शाई आवर्जून नोंदवली. ऑर्डर १८ रूल १२ खाली साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेराही आहे, की तो प्रश्न ऐकून थेट कॅमेऱ्याकडे बघून, न अडखळता उत्तर देत होता.

साक्ष संपल्यावरचा सोपस्कार लहान पण महत्त्वाचा. नोंदवलेली साक्ष कोर्टानं ईमेल केली, तिकडे प्रिंट काढून साक्षीदारानं प्रत्येक पानावर सही केली, अधिकाऱ्यानं स्कॅन लगेच पाठवलं आणि मूळ कुरिअरनं. मूळ प्रत यायला उशीर झाला आणि तेवढ्यात भावाच्या बाजूनं साक्ष वगळायचा अर्ज आला, स्कॅनवर अधिकाऱ्याची डिजिटल सही आहे असं बघून कोर्टानं तो निकाली काढला.

निकाल २०२५ मध्ये लागला, मृत्युपत्र सिद्ध, फ्लॅट बहिणीचा. व्हिडिओवरच्या साक्षीच्या ग्राह्यतेवर निकालात जेमतेम दीड पान आहे. बाकी सगळी पानं संशयास्पद परिस्थितीवर: बहीण वडिलांजवळ राहत होती, भावाला काहीच का दिलं नाही याचं कारण मृत्युपत्रात आहे का (आहे, त्याच्या धंद्यासाठी आधी पैसे दिल्याचं एक वाक्य आहे), वडिलांची तब्येत २०१४ मध्ये कशी होती. तब्येतीबद्दल डॉक्टर सांगू शकले असते, ते नाहीत, म्हणून दवाखान्याचं रजिस्टर कंपाउंडरकडून आलं, त्याचा उपयोग शेवटी इथे झाला.

भावाच्या अपिलात बारा मुद्दे आहेत. न्यू जर्सीच्या साक्षीदाराबद्दल एकच, आणि तोही मूळ कागद हातात न दिल्याचा, व्हिडिओबद्दल नाही. मी मत दिलं की त्या मुद्द्यावर फार वेळ घालवू नका, अकरावा मुद्दा बघा, धंद्यासाठी दिलेल्या पैशांचा बँकेतला पुरावा फाईलवर नाही, तो कुठून आणता येईल ते आधी शोधा.